मधुमेही रुग्णाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि रक्ताच्या गुठळीचा धोका : रुग्ण व नातेवाइकांसाठी मार्गदर्शक

मधुमेहामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी ओढ घेते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेमुळे रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब झालेले असते, प्लेटलेट पटकन एकमेकींना चिकटतात, फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारे प्रथिन वाढलेले असते आणि एकदा झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची ताकद मंदावलेली असते. उलट, मूत्रपिंडांनी बाहेर न टाकलेली द्रव्ये रक्तात साचल्यामुळे त्याच प्लेटलेट जखमेच्या जागी नीट काम करत नाहीत, हिमोग्लोबिनही कमी असते, आणि साध्या टाक्यातूनही रक्त झिरपत राहते. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी की चालू ठेवावी, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर कोणीही देऊ शकत नाही, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाला जे सांगितले ते आपल्याला लागू होईल असेही नाही.

माझ्या थोरल्या बंधूंचे प्रत्यारोपण झाले तेव्हा त्यांच्या हृदयात स्टेंट होता, डाव्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (सुया टोचण्यासाठी रोहिणी व नीला जोडून केलेली जागा) होता आणि मधुमेह जुना होता. त्यांच्यासोबत वावरताना एक गोष्ट स्पष्ट झाली. निर्णय डॉक्टरच घेतात, परंतु त्या निर्णयाला लागणारी माहिती हृदयरोगतज्ज्ञ, डायलिसिस केंद्र, मधुमेहाचे डॉक्टर आणि औषधाचे दुकान अशी चार ठिकाणी विखुरलेली असते. ती गोळा करून योग्य वेळी योग्य माणसासमोर ठेवण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. पुढील टप्पे त्या कामासाठी आहेत. यातील औषधांचे दिवस व आकडे प्रश्न विचारता यावेत म्हणून दिले आहेत, त्यावरून स्वतः औषध बदलण्यासाठी नव्हे.

१. गुठळी नेमकी कुठे होऊ शकते, हे आधी समजून घ्यावे

नवे मूत्रपिंड जुन्यांच्या जागी बसवत नाहीत. ते बहुधा ओटीपोटाच्या उजव्या बाजूला, खालच्या भागात ठेवतात आणि त्याची रोहिणी व नीला पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात. या जोडाशी गुठळी झाली तर पर्यायी वाट नसते, आणि काही तासांतच मूत्रपिंड हातचे जाऊ शकते. ही घटना वारंवार घडणारी नाही, पण घडते तेव्हा प्रामुख्याने पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत घडते.

याखेरीज पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, हृदयातील स्टेंट बंद पडू शकतो, मेंदूला झटका येऊ शकतो, आणि हाताचा फिस्टुला गोठू शकतो. मधुमेहींमध्ये हे सर्व धोके सर्वसाधारण रुग्णांपेक्षा अधिक असतात. ज्यांच्या लघवीतून फार मोठ्या प्रमाणात प्रथिने जातात आणि अल्ब्युमिन हे रक्तातील मुख्य प्रथिन खूप उतरलेले असते, त्यांच्यात रक्त गोठू न देणारे अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिनही लघवीवाटे वाया जाते, हे फारसे कोणी सांगत नाही.

टाइप १ मधुमेहाच्या काही रुग्णांमध्ये मूत्रपिंडासोबत स्वादुपिंडही बसवतात. स्वादुपिंडातून वाहणारा रक्ताचा ओघ मंद असल्याने तेथे गुठळीचा धोका मूत्रपिंडापेक्षा बराच जास्त असतो. आपल्याला असे दुहेरी प्रत्यारोपण सुचवले असेल तर हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या इंजेक्शनबाबत त्या केंद्राचे धोरण काय आहे, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

२. फाइल आणि एका पानाचा तक्ता

मोठी फाइल सर्वांकडे असते. ती घाईच्या वेळी कोणी वाचत नाही. म्हणून फाइलच्या सर्वांत वर एक पान ठेवावे. त्यावर प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, कोणी व कशासाठी सुरू केले आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला किती वाजता घेतली, हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण भूलतज्ज्ञांचा पहिला प्रश्न तोच असतो. पुढील कागद सोबत असावेत :

- अँजिओग्राफी व अँजिओप्लास्टीचा अहवाल, त्यात स्टेंटचा प्रकार व बसवल्याची तारीख स्पष्ट हवी. रुग्णालयाने दिलेले स्टेंट कार्ड असल्यास तेही.
- अलीकडचा इकोकार्डिओग्राम आणि ईसीजी.
- डायलिसिस केंद्राची नोंदवही : हेपॅरिन किती देतात, कोरडे वजन (जादा पाणी काढल्यानंतरचे) किती, फिस्टुला कधी गोठला होता का.
- पूर्वी मांडीतून किंवा मानेतून घातलेल्या डायलिसिस नळ्यांची नोंद, बाजूसह.
- पूर्वीच्या गुठळीचे डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) वा सीटी अहवाल, तसेच गर्भपात वारंवार झालेल्या स्त्रियांनी त्याची माहिती.
- रक्तगट, प्लेटलेट, तसेच पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या) यांचे अलीकडचे अहवाल.
- हेपॅरिन दिल्यावर प्लेटलेट एकदम घसरल्याची नोंद असल्यास ती लाल शाईत.

मांडीतून घातलेल्या नळीचा उल्लेख बरेच जण करत नाहीत, कारण ती तात्पुरती होती असे त्यांना वाटते. परंतु त्या नळीमुळे कधीकधी ओटीपोटातील शीर आतून अरुंद झालेली किंवा बंद पडलेली असते, आणि नवे मूत्रपिंड नेमके त्याच शिरेला जोडायचे असते. बाजू आधी कळली तर शल्यविशारद डॉपलर करून दुसरी बाजू निवडू शकतात.

३. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या

दीर्घकाळच्या मधुमेहात, विशेषतः डायलिसिसवर असताना, ओटीपोटातील रोहिण्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठते. अशा कडक भिंतीला चिमटा लावणे व टाका घालणे अवघड असते, आणि तिचा पापुद्रा सुटला तर तेथे गुठळी धरते. यासाठी डॉपलर आणि आवश्यकतेनुसार रंगद्रव्याविना केलेला सीटी स्कॅन सांगितला जातो. तो खर्च वाचवण्यासारखा नाही.

रक्त गोठण्याच्या आनुवंशिक दोषांच्या तपासण्या, म्हणजे फॅक्टर व्ही लायडन, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन, तसेच अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे, या सरसकट सर्वांना करत नाहीत. पूर्वी गुठळी झाली असेल, फिस्टुला पुन्हा पुन्हा गोठत असेल, आधीचे प्रत्यारोपण गुठळीने गेले असेल किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात असा इतिहास असेल, तर त्या कराव्यात का हे स्वतःहून विचारावे. येथे एक सापळा आहे. डायलिसिसच्या दरम्यान वा लगेच नंतर काढलेल्या रक्तात हेपॅरिन असते, आणि त्यामुळे एपीटीटी व ल्युपस अँटिकोॲग्युलंट (अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांपैकी एक) यांचे निकाल फसवे येऊ शकतात. रक्त डायलिसिस सुरू होण्यापूर्वी काढावे आणि रुग्ण हेपॅरिनवर किंवा वॉरफरिनवर आहे हे प्रयोगशाळेच्या अर्जावर लिहावे.

४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या : सर्वांत अधिक गोंधळ येथेच होतो

‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असे आपण सरसकट म्हणतो, पण यात दोन वेगळी कुळे आहेत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही प्लेटलेटवर काम करतात व प्रामुख्याने स्टेंट किंवा हृदयविकारासाठी असतात. वॉरफरिन, ॲसिट्रोम, एपिक्सॅबान, रिव्हारोक्सॅबान आणि डॅबिगॅट्रान ही रक्त गोठवणाऱ्या घटकांवर काम करतात व ती पायातील गुठळी, कृत्रिम झडप किंवा हृदयाची अनियमित लय यांसाठी असतात. एका कुळातील गोळीची सूचना दुसऱ्या कुळातील गोळीला लावू नये.

कमी मात्रेचे ॲस्पिरिन अनेक केंद्रे प्रत्यारोपणाच्या वेळीही चालू ठेवतात. क्लोपिडोग्रेल बंद करायचे ठरल्यास साधारण ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस आधी आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात. वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर उतरला की नाही ते पाहतात, आणि धोका मोठा असेल तर मधल्या काळात हेपॅरिन देतात. डॅबिगॅट्रान मुख्यत्वे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते, त्यामुळे मूत्रपिंडे निकामी असताना ते शरीरात रेंगाळते.

स्टेंट असलेल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. औषध लावलेला नवा स्टेंट बसवल्यानंतर ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी अशा दोन्ही गोळ्या एकदम बंद करणे धोक्याचे असते. म्हणून तातडीची नसलेली शस्त्रक्रिया साधारणपणे ६ महिने, आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला असल्यास १२ महिने, पुढे ढकलण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. नातेवाईक दाता तयार असेल तर तारीख त्याप्रमाणे ठरवता येते. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या पूर्वतयारीत अँजिओग्राफी करायची असेल तेव्हाच हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडविकारतज्ज्ञ यांचे एकमेकांशी बोलणे व्हावे, आणि गोळी कधी थांबवायची व पुन्हा कधी सुरू करायची याचे उत्तर हृदयरोगतज्ज्ञांकडून सहीनिशी लेखी घ्यावे. बंद करण्याची तारीख सर्वजण विचारतात. पुन्हा सुरू करण्याची तारीख विचारायची राहून जाते, आणि स्टेंटला खरा धोका त्या राहून जाण्यातच असतो.

लसणाच्या, हळदीच्या वा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जिंको, तसेच गावाकडून आलेले काढे व भस्मे हीदेखील औषधेच समजून तक्त्यावर लिहावीत. भाजी-आमटीतील लसूण-हळदीची चिंता करण्याचे कारण नाही.

५. प्रतीक्षा यादीतील रुग्णांसाठी वेगळी तयारी

महाराष्ट्रात मेंदूमृत दात्याच्या अवयवांचे वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. अशा यादीतील रुग्णाला फोन केव्हाही येतो, आणि त्यानंतर काही तासांत रुग्णालयात पोहोचावे लागते. येथे गोळी ५ दिवस आधी थांबवण्याची सवड कोणालाच मिळत नाही.

म्हणून नाव नोंदवतानाच विचारावे : फोन आला त्या सकाळीच क्लोपिडोग्रेल घेतले असेल तर हे केंद्र शस्त्रक्रिया करते की रुग्णाला वगळते? वॉरफरिनवर असलेल्यांसाठी व्हिटॅमिन के वा रक्तघटक देऊन परिणाम उलटवण्याची सोय आहे का? काही रुग्णांचे हृदयरोगतज्ज्ञ यादीत नाव गेल्यावर दोनऐवजी एका गोळीवर आणण्याचा विचार करतात. ते शक्य आहे का, हे त्यांनी ठरवावे. वर सांगितलेले एक पान पिशवीत नेहमी तयार असावे आणि त्याचा फोटो घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. फोन आल्यावर पुढची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि इन्सुलिनही उपाशी राहायचे आहे हे सांगून, मात्रा विचारूनच घ्यावे.

६. आदला दिवस आणि शस्त्रक्रियागृह

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी डायलिसिस असेल तर ते हेपॅरिनविना किंवा अगदी कमी हेपॅरिनवर करतात. डायलिसिस केंद्र वेगळे असल्यास हे त्यांना लेखी कळवावे लागते. त्याच वेळी रुग्णाचे पाणी फार काढू नये अशीही सूचना असते, कारण अतिकोरडा झालेला रुग्ण भूल दिल्यावर रक्तदाब टिकवू शकत नाही आणि दाब पडला की नव्या मूत्रपिंडातील व फिस्टुलातील प्रवाह मंदावतो. फिस्टुलाच्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधू नये आणि सुई टोचू नये, हे लिहिलेली पट्टी त्या मनगटावर लावून घ्यावी.

शस्त्रक्रियेदरम्यान साखर बहुतेक ठिकाणी १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. अधिक साखर प्लेटलेटला चिथावते. फार कमी साखर भुलेखाली ओळखू येत नाही. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळाल्यावर साखर झपाट्याने चढते, त्यामुळे घरी कधी इन्सुलिन न घेतलेल्या रुग्णालाही इन्सुलिनचा ठिबक लागू शकतो. ते पाहून मधुमेह बिघडला असा अर्थ काढू नये.

७. पहिले काही दिवस : लघवीची मोजणी

शस्त्रक्रियेनंतर खाटेशेजारी लघवीची पिशवी लटकवलेली असते. तिच्या वर मोजपट्टी असलेला लहान कठीण डबा असतो. परिचारिका दर तासाला तो वाचून आकडा तक्त्यात भरते आणि खटका फिरवून लघवी खालच्या पिशवीत सोडते. जिवंत दात्याचे मूत्रपिंड बहुधा टेबलावरच लघवी करू लागते आणि तासाचा आकडा शेकड्यांत असतो. मृत दात्याचे मूत्रपिंड मात्र कधीकधी काही दिवस झोपल्यासारखे राहते, त्यामुळे तेथे आकड्यापेक्षा डॉपलरवर अधिक भर असतो.

भरपूर येणारी लघवी अचानक थांबली किंवा निम्म्याहून कमी झाली, तर प्रथम नळीत रक्ताची गाठ अडकली आहे का ते परिचारिका सलाइनने धुऊन पाहतात. नेहमीचे कारण हेच असते आणि काही मिनिटांत सुटते. ते कारण नसेल तर त्याच तासात डॉपलर व्हायला हवे. रोहिणीत गुठळी झाली तर लघवी वेदनेविना एकाएकी बंद होते. नीलेत झाली तर मूत्रपिंड सुजते, त्या जागी दुखू लागते आणि लघवी लालभडक होते. ज्यांना प्रत्यारोपणापूर्वीही बऱ्यापैकी लघवी होत होती, त्यांच्यात जुन्या मूत्रपिंडांची लघवी या घटनेवर पांघरूण घालू शकते. म्हणून पूर्वी दिवसाला किती लघवी होत असे, हा आकडा तक्त्यावर असावा.

दुसऱ्या नळीत, म्हणजे जखमेतील द्रव बाहेर काढणाऱ्या ड्रेनमध्ये, पाणचट गुलाबी द्रव असेल तर ते अपेक्षित आहे. ती एकदम गडद लाल व भराभर भरू लागली, नाडी वाढली आणि रुग्णाला घाम फुटला, तर तो रक्तस्राव समजून तत्काळ हाक मारावी.

गुठळी टाळण्यासाठी या काळात हेपॅरिन दिले जाईलच असे नाही. रक्तस्रावाचा धोका पाहून कोणाला कमी मात्रेत त्वचेखाली, कोणाला ठिबकातून देतात, कोणाला अजिबात देत नाहीत. साध्या हेपॅरिनचा परिणाम दीड-दोन तासांत ओसरू लागतो आणि प्रोटामिनने उलटवताही येतो, म्हणून मूत्रपिंड अद्याप स्थिरावले नसताना तेच पसंत केले जाते. एनॉक्सापॅरिन हा हेपॅरिनचाच दुसरा प्रकार मूत्रपिंडावाटे निघतो, त्यामुळे क्रिएटिनिन वर असताना, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कमी असताना, त्याची मात्रा बदलावी लागते. हेपॅरिन चालू असताना प्लेटलेटची मोजणी नियमित होते आहे ना, हे विचारण्यात संकोच नसावा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ती निम्म्यावर आली तर ती हेपॅरिनची दुर्मीळ पण घातक प्रतिक्रिया असू शकते, आणि डायलिसिसमुळे अलीकडेच हेपॅरिन मिळालेल्यांत ती याहून लवकरही दिसते.

८. पाय, मोजे आणि पहिले उभे राहणे

गुठळी टाळण्यासाठी घट्ट मोजे किंवा पोटऱ्यांना हवेने दाबणारे पट्टे लावतात. मधुमेहींनी येथे विशेष सावध असावे. पायातील संवेदना गेलेल्या रुग्णाला मोजा घडी पडून रुतला तरी कळत नाही, आणि पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल तर घट्ट मोजा अपाय करतो. घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर मधुमेहात कॅल्शियममुळे खोटे चांगले येऊ शकते, त्यामुळे ‘पायाचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबू नये. मोजे दिवसातून किमान दोनदा काढून टाचा, घोटे आणि बोटांमधील त्वचा डोळ्यांनी पाहावी.

बहुतेक केंद्रांत दुसऱ्या दिवशीच रुग्णाला बसवतात आणि उभे करतात. जुन्या मधुमेहात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसा दुबळ्या झालेल्या असल्याने उभे राहताच दाब कोसळून चक्कर येऊ शकते. आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसावे, दाब मोजून घ्यावा, मगच उभे राहावे. खाटेवर असताना तासातून काही वेळा पंजे वर-खाली हलवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

फिस्टुलावर रोज सकाळ-संध्याकाळ बोटे टेकवून पाहावे. चालू फिस्टुलात बोटांखाली मांजर गुरगुरावे तशी थरथर जाणवते. ती नाहीशी झाली तर लगेच सांगावे, कारण नवे मूत्रपिंड कामाला लागेपर्यंत त्या हाताची गरज संपलेली नसते.

९. घरी आल्यानंतर

घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांच्यापुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘अमुक तारखेपासून’ यांपैकी एक शब्द असल्याशिवाय वॉर्ड सोडू नये. नव्या मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी, म्हणजे डीजे स्टेंट, काही आठवड्यांनी काढतात. तो हृदयातील स्टेंटपासून पूर्णपणे वेगळा असतो. तो काढताना किंवा मूत्रपिंडाची बायोप्सी करताना पुन्हा गोळ्या थांबवण्याचा प्रश्न येतो, त्या वेळी हृदयरोगतज्ज्ञांना कळवल्याशिवाय काही थांबवू नये.

सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे साखर दुपारच्या जेवणानंतर व संध्याकाळी चढते, उपाशीपोटी ती बऱ्याचदा ठीक दिसते. नवे मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिलेले टॅक्रोलिमसही साखर वाढवते. शिवाय नवे मूत्रपिंड इन्सुलिन बाहेर टाकू लागल्याने इन्सुलिनची गरज पूर्वीपेक्षा वाढते. तेव्हा केवळ सकाळची साखर मोजून समाधान मानू नये. टॅक्रोलिमसचे प्रमाण रक्तात फार वाढल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. म्हणून पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य करावे व नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी प्रत्यारोपण पथकाला विचारावे. डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके मूत्रपिंड आणि रक्तस्राव अशा दोन्ही अंगांनी घातक आहेत, मग ती दुकानदाराने कितीही सहज हातात ठेवली तरी.

शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. मायकोफिनोलेट या त्याच कामाच्या दुसऱ्या औषधामुळे जुलाब लागले, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा असला किंवा घरी निर्जळी उपवासाचा आग्रह झाला, तरी रक्त दाट होते आणि मूत्रपिंडाचा प्रवाह मंदावतो. तपासणीसाठी लांबून यावे लागत असेल तर गाडी दर तास-दीड तासाने थांबवून चार पावले चालावे.

एका पायाला, विशेषतः मूत्रपिंड बसवलेल्या बाजूच्या पायाला, सूज आली तर आपल्याकडे पहिला उपाय तेल लावून चोळण्याचा होतो. ते मुळीच करू नये. शिरेत गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशी सूज कधीकधी मूत्रपिंडाभोवती साचलेल्या लसिकेच्या (लसिकावाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवाच्या) दाबामुळेही येते, आणि यातील फरक सोनोग्राफीशिवाय कळत नाही.

हिमोग्लोबिन वाढले की घरात आनंद होतो, आणि तो योग्यही असतो. परंतु प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी काही जणांचे हिमोग्लोबिन १७ च्याही वर जाते, रक्त दाट होते व गुठळीचा धोका वाढतो. यावर औषध आहे, म्हणून हा आकडा डॉक्टरांच्या नजरेस आणावा.

१०. आणीबाणीत फोनवर काय सांगावे

लघवी अचानक कमी होणे, ती लाल होणे, मूत्रपिंडाच्या जागी नवे दुखणे किंवा फुगवटा, एका पायाची सूज, अचानक धाप, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे वा हात-पाय लुळा पडणे, काळी शौच होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. जुन्या मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. नुसता घाम, मळमळ आणि गळून जाणे हेही पुरेसे कारण समजावे. धाप, छातीचे दुखणे किंवा झटक्याची लक्षणे असतील तर १०८ वर फोन करून जवळच्या सुसज्ज रुग्णालयात जावे आणि वाटेत प्रत्यारोपण समन्वयकांना कळवावे.

फोनवर या क्रमाने सांगावे : प्रत्यारोपणाची तारीख, गेल्या सहा तासांतील लघवी, आत्ताचा रक्तदाब व साखर, आणि रक्त पातळ करणाऱ्या प्रत्येक औषधाच्या शेवटच्या मात्रेची वेळ. पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागण्याची शक्यता असल्याने रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. साखर ७० च्या खाली असून रुग्ण शुद्धीवर असेल, तर मात्र साखरेचे पाणी देण्यास थांबू नये, आणि ते किती वाजता दिले हेही त्याच तक्त्यावर लिहावे.